किन्हवलीच्या फाट्यावरचा जाम बोल्ट

गंजलेलं लोखंड तापवून त्यावर मेणबत्ती टेकवली की एक वास येतो. समई नुकतीच विझल्यावर येतो तसा थोडा, आणि थोडा जुन्या विहिरीच्या भिजलेल्या रहाटासारखा. मुरबाडकडे जाताना किन्हवलीच्या फाट्यावर गाडी थांबवून मी खाली उतरलो, तेव्हा माझ्या नाकानं आधी तोच वास शोधला.

भाचीच्या साखरपुड्याला निघालो होतो. बायको गाडीतूनच म्हणाली, "इथं काय काढलंत मध्येच?"

मला तरी कुठे माहीत होतं. वाशिंदला घर केल्यापासून या रस्त्यानं येणंच सुटलं होतं. डाव्या हाताला टाइल्सचं दुकान झालेलं, पुढे काचेच्या कपाटाचा आइसक्रीमचा गाडा. मोहाचं झाड मात्र होतं. त्याच्या खोडाला कुणीतरी शिकवणीच्या क्लासची पाटी ठोकली होती. या झाडाखाली पत्र्याची शेड होती. शेडीत माणूस उभा राहील एवढा खड्डा, खड्ड्याच्या काठावर डिझेलनं भरलेला पत्र्याचा डबा, भिंतीला खिळ्यांवर टांगलेले पाने, लहानापासून मोठ्यापर्यंत, घरातल्या भावंडांना ओळीनं उभं करावं तसे. त्यातलं काही म्हणजे काही नव्हतं. पायाखाली पेव्हर ब्लॉक होते. मी चपलेनं उगाच जमीन चाचपली. खड्डा नेमका कुठे होता तेही सांगता येईना.

टाइल्सच्या दुकानातल्या माणसाला विचारलं, "इथं जनामेस्त्रींचं गॅरेज होतं ना?"

"मेस्त्री जाऊन बरीच वर्षं झाली. म्हातारी आसनगावला असते आता, लेकीकडं."

म्हातारी. मथुरावहिनीला कुणी म्हातारी म्हणेल हे माझ्या मनात कधी आलंच नव्हतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. मी तेवीस-चोवीस वर्षांचा होतो आणि मामाची जीप शहापूर ते मुरबाड चालवत होतो. जुनीच घेतलेली गाडी, पण पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक होते आणि त्याचा मला केवढा तोरा! त्या रस्त्यावरचे ऋतू मला आजही गाडीत बसणाऱ्यांच्या टोपल्यांवरून आठवतात. पाऊस सरता सरता रानातल्या काकड्या आणि हिरव्या भाज्यांच्या जुड्या. भात कापून झालं की नव्या तांदळाची गाठोडी, त्यांना अजून खळ्याच्या शेणाचा वास. थंडीत वालाच्या शेंगा. मग करवंदं, जांभळं, आणि त्यांच्या आधी महिनाभर मोहाची फुलं. डोंगरवाड्यांतल्या बाया ती फुलं टोपलीत घेऊन चढल्या की अख्ख्या गाडीला एक गोड, जड, जरा डोक्यात जाणारा वास भरायचा. पुढे मास्तर आणि ग्रामसेवक बसायचे ते नाकाला रुमाल लावायचे. मला तो वास आवडायचा.

पावसाळ्याचे चार महिने मात्र गाडीच्या मुळावर यायचे. ओढ्यांवरच्या फरशीवरून पाणी वाहायचं, चाकं अर्धी बुडायची, शेतातला चिखल आत जाऊन बसायचा. वरून गाडी धुतली की चकचकायची, पण आत, चाकाच्या पोटात, गंज आपला दिवाळी नाही की शिमगा नाही, काम करत राहायचा. पाऊस संपून चार महिने झाले की ब्रेकचं काम निघायचंच. आणि ब्रेकचं काम निघालं की त्या रस्त्यावरचा प्रत्येक ड्रायव्हर एकाच ठिकाणी जायचा.

जनामेस्त्री म्हणजे ताकद. बुटका, रुंद, मनगटं अशी की घड्याळाचा पट्टा पुरत नसे म्हणून घड्याळच घालत नसे. कसलाही जाम बोल्ट असो, तो पाना चढवायचा, पान्यात लोखंडी पाइप घालायचा, एक पाय चाकाला टेकवायचा आणि श्वास रोखून असा झटका द्यायचा की 'खट्' करून बोल्ट सुटायचा. कधी तुटायचा. तुटला की तो त्याला एक सणसणीत शिवी द्यायचा आणि हसून म्हणायचा, "याचं आयुष्य सरलं होतं." मग उरलेला तुकडा ड्रिलनं पोखरून काढण्यात दिवस जायचा. कोणी तक्रार करत नसे. मेस्त्रीचा झटका बघायला आम्ही मुद्दाम थांबायचो.

शेडीच्या कडेला त्याची बायको मथुरा चहाचा स्टोव्ह मांडून बसायची. आम्ही तिला वहिनी म्हणायचो. बारीक अंगाची, कमी बोलणारी. चहा देताना कपाच्या कानाची बाजू तुमच्याकडे करून द्यायची, एवढंच तिच्याबद्दल तेव्हा मला सांगता आलं असतं. तिचं तोंड चहाच्या भांड्याकडे आणि पाठ मेस्त्रीकडे. दहा-बारा वर्षं ती तशी बसली होती. आमच्यातल्या कुणालाही वाटलं नाही, की या पाठीला कान आहेत.

मग मेस्त्रीला झटका आला. उजवं अंग गेलं. माणूस वाचला, पण उजवा हात कापडाच्या बाहुलीच्या हातासारखा मांडीवर पडून राहायचा. शेड महिनाभर बंद होती. आम्ही दुसरीकडे जाऊ लागलो. दुसरं करणार काय?

एकदा सकाळी फेरी मारताना फाट्याजवळ आलो आणि हातोडीचा आवाज आला. मी गाडी हळू केली. मेस्त्री बाजेवर बसला होता, आणि चाकापाशी लुगड्याचा काष्टा घट्ट खोचून मथुरावहिनी.

पंक्चर, ऑइल बदलणं, फॅनचा पट्टा बदलणं, असली कामं लोक तिला देऊ लागले. पण ब्रेक कुणी देईना. स्टँडवर चर्चा व्हायची. "बायमाणसाच्या हातचा ब्रेक घेऊन घाट उतरशील काय रे?" आणि सगळे हसायचे. मीही हसायचो. हे मी आज लपवून ठेवलं तर या आठवणीला अर्थ नाही.

त्या वर्षी मार्चमध्ये डोंगराकडच्या एका वाडीतली अकरा मुलं दहावीच्या परीक्षेला बसली होती. त्या वाडीतून एवढी मुलं प्रथमच. परीक्षेचं केंद्र किन्हवलीला, वाडीला एसटी नाही, पायी दोन-अडीच तासांची वाट. त्यांच्या शाळेचे हेडसर मला पंधरा दिवस आधी भेटले होते. माझे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाले होते, "सोमवारपासून रोज सकाळी. पोरं पेपरला पोचली पाहिजेत बाबा. बाकी त्यांचं ते बघतील." मी छातीवर हात ठेवून हो म्हटलं होतं.

आणि शुक्रवारी पुढचं उजवं चाक धरायला लागलं. पायानं ब्रेक सोडला तरी चाकातला ब्रेक सुटेना. दहा किलोमीटर गेलं की चाकातून जळका वास यायचा. आतला पिस्टन गंजून अडकला होता. तो साफ करायचा तर ब्रेकचा तो अख्खा भाग, कॅलिपर म्हणतात त्याला, चाकावरून उतरवायचा. आणि तो दोन बोल्टांवर बसलेला असतो, एक खाली, एक वर.

मी म्हटलं, दोन तर बोल्ट आहेत. शनिवारी सकाळी मामाच्या अंगणात पाना घेऊन बसलो. घाई होती, तरणा होतो, आणि मेस्त्रीचा झटका डोळ्यांसमोर होता. वरच्या बोल्टावर पाना लावून अंगाचं सगळं वजन टाकलं. पाना सटकला, माझी बोटं सोलून निघाली आणि बोल्टाच्या डोक्याचे सहाही कोपरे गेले. षटकोनी बोल्ट सुपारीसारखा गोल झाला.

हायवेवरच्या एका गॅरेजमध्ये नेली. तिथल्या माणसानं वाकून बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि स्वच्छ सांगितलं, "जोर लावला तर तुटणार, अर्धा आत राहणार. मग आतलं सगळं लोखंड बदला. सामान यायला आठवडा तरी लागेल."

आठवडा! परतीच्या वाटेवर मी ठरवून टाकलं. त्या चाकाला जाणारा ब्रेकचा पाइप चेपून बंद करायचा आणि तीन चाकांच्या ब्रेकवर गाडी चालवायची. पुष्कळ जण तसं करायचे. त्यासाठी फाट्यावर थांबलो. पाइप चेपायला काय, कुणीही चालेल.

वहिनी चाकापाशी उकिडवी बसली. मी काय करायचं ते सांगितलं. तिनं मान वर न करता विचारलं, "सोमवारी कोण बसणार हाय गाडीत?"

"वाडीतली पोरं. दहावीची."

"वाडीचा उतार उतरून येणार?"

"हो."

ती उठली, हात पुसले, ड्रायव्हरच्या बाजूनं आत वाकली आणि चावी काढून कमरेला खोचली. "मंग गाडी हितंच राहू दे."

"वहिनी, वेळ नाय. उद्याचा एकच दिवस आहे."

"दीड हाय," ती म्हणाली. "आजचा अर्धा धर की."

मी मेस्त्रीकडे पाहिलं. वाटलं, तो काहीतरी बोलेल. तो बाजेवरून चाकाकडे पाहत होता, तोंडाची एक बाजू खाली ओढलेली. त्याला बोलणं जड जायचं. म्हणाला, "पाइप... घाल पान्यात. हान."

वहिनीनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. तारेच्या ब्रशनं ती दोन्ही बोल्ट घासायला लागली. गंजाची तांबडी पूड तिच्या हातावर, लुगड्यावर पडत होती. घासून झाल्यावर हातोडीनं खालच्या बोल्टाच्या डोक्यावर हलकेच मारलं आणि कान तिरका केला. मग वरच्यावर मारलं. माझ्या कानांना दोन्ही आवाज सारखेच. ती म्हणाली, "खालचा सुटंल. वरचा बहिरा झालाय."

रॉकेल आणि इंजिनचं जुनं ऑइल मिसळून तिनं एका बाटलीत ठेवलं होतं. त्याचे थेंब बोल्टांच्या मुळाशी सोडले, आणि हातोडीनं टक टक टक, हलकं, सारखं. पुन्हा थेंब, पुन्हा टक टक. मधे उठून चहा टाकायची, येऊन पुन्हा बसायची. दुपार अशी गेली. उन्हात पत्रा तडतडत होता, रस्त्यावरून गाड्या जात होत्या, ओळखीचे ड्रायव्हर हॉर्न मारून माझ्याकडे बघून हसत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

चारच्या सुमारास तिनं खालच्या बोल्टाला पाना लावला आणि तो उलट्या बाजूला फिरवला. म्हणजे सोडायच्या ऐवजी आवळायला लागली. मी ओरडलो, "वहिनी, चुकताय! तिकडं आवळतो तो."

"आधी आवळायचा," ती म्हणाली. "त्याला वाटलं पायजे का आपण त्याच्या बाजूनं हाय."

केसभर आवळला असेल. कुठेतरी आत अगदी बारीक 'कर्र' झालं. मग तिनं पाना दुसरीकडे वळवला आणि खालचा बोल्ट, जसा काही कधी अडलाच नव्हता, तसा फिरत फिरत बाहेर आला.

रविवारी सकाळी मी सातला पोचलो. रात्रीत मोहाची फुलं गळून जीपच्या बॉनेटवर सडा पडला होता. वहिनी आधीच चाकापाशी होती. रात्री झोपायच्या आधी आणि पहाटे उठल्यावर बोल्टाला तेल पाजलं, असं ती म्हणाली. पाजलं हाच तिचा शब्द.

आता वरचा. आधी तिनं ब्रेकचा रबरी पाइप सोडवून बाजूला घेतला, त्याच्या तोंडात लाकडाची खुंटी बसवली आणि वर ओलं फडकं गुंडाळलं. "ब्रेकचं तेल पेट घेतं," मला समजावलं. मग कानस घेतली आणि मी गोल करून ठेवलेलं बोल्टाचं डोकं घासायला बसली. आधीच्या मापाचा पाना त्यावर कधीच बसणार नव्हता. तिला त्याहून लहान मापाचे कोपरे नव्यानं पाडायचे होते. सहा बाजू. एकेक बाजू घासायची, बोटानं चाचपायची, पुन्हा घासायची. जागा एवढी अडचणीची की कानस दोन बोटंच पुढे-मागे व्हायची. दीड-दोन तास ती तशी बसून होती. तिच्या कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यावर यायचा आणि ती तो खांद्याला पुसायची. त्या दोन तासांत तिनं एकदाही सुस्कारा सोडला नाही. मी भल्याभल्यांची पूजा-अर्चा बघितली आहे. इतकं एका जागी गेलेलं मन नाही बघितलं.

डोकं तयार झाल्यावर तिनं लहान मापाची गोटी, बोल्टाच्या डोक्यावर टोपीसारखी बसते ती, त्यावर हातोडीनं ठोकून बसवली. घट्ट. मग ब्लो लॅम्प पेटवला. निळ्या ज्योतीचा फरफर आवाज शेडीत भरला. ती ज्योत बोल्टाच्या भोवतीच्या लोखंडावर धरायची, बोल्टावर नाही. "घर तापलं पायजे, घरात बसलेला नाय," असं काहीतरी पुटपुटली. पुरेसं तापलं असं वाटल्यावर ज्योत बाजूला केली आणि मेणबत्ती बोल्टाच्या मुळाशी टेकवली. मेण वितळलं, क्षणभर तिथे थांबलं आणि मग माझ्या डोळ्यांदेखत आत ओढलं गेलं. आट्यांच्या वाटेनं, जिथं तेल पोचलं नव्हतं तिथं. तेव्हा तो वास आला. पहिल्यांदा.

तिनं पाना लावला. केसभर आवळला. काही नाही. सोडायला बघितलं. काही नाही.

मेस्त्री बाजेवर अस्वस्थ झाला होता. डाव्या हातानं बाजेची दोरी ओढत होता. "हान," तो म्हणाला. "पाइप घाल. हान, मथुरा!"

ती थांबली. वळली. मी त्या दोघांना एकमेकांशी इतकं सरळ बोलताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

"तुमच्या अंगात जोर होता तवा तुमी हानलंत," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "माज्या अंगात नाय जोर. माज्याकडं टाइम हाय."

मेस्त्रीनं तोंड फिरवलं. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

पुन्हा तेल, पुन्हा टक टक. पुन्हा ज्योत, पुन्हा मेण. दुपारी तिनं दोघांना भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली, स्वतः उभ्या उभ्या खाल्लं. मी म्हणालो, "राहू दे वहिनी. मी सरांना सांगतो, पोरं चालत येतील." अडीच तास चालून आलेलं पोर पेपरात काय लिहिणार?

ती म्हणाली, "तू बोलू नको. मला ऐकू येत नाय."

आणि मग मला उमगलं, की ती ऐकत होती. दोन दिवस ती फक्त ऐकत होती. दर वेळी हातोडी मारल्यावर कान तिरका. बारा वर्षं चहा उकळताना पाठीमागून आलेले सगळे आवाज तिनं जपून ठेवले होते. कुठल्या आवाजानंतर बोल्ट सुटला, कुठल्या आवाजानंतर तुटला. मेस्त्रीला स्वतःच्या झटक्याचा आवाज कधी ऐकू आला नसेल. तो श्वास रोखून असायचा. तिला आला होता.

तिसऱ्यांदा मेण पाजून झाल्यावर तिनं हातोडी मारली आणि आवाज बदलला. यावेळी मलाही कळलं. आधी ठप्प यायचा, आता टणक, लांबलेला, देवळातल्या लहान घंटेसारखा. मेस्त्रीनं झटकन मान वळवली.

वहिनीनं पाना लावला. आवळला, केसभर. कर्र. सोडला, नखभर. पुन्हा आवळला. पुन्हा सोडला, आता दोन नखं. तेल. ती त्याला जितका येतोय तितकाच येऊ देत होती, त्याहून गव्हाच्या दाण्याएवढंही जास्त मागत नव्हती. मागे, पुढे. मागे, पुढे. अडलेल्या गाईला सोडवताना करतात तसं. कितीतरी वेळानं, उन्हं झाडाच्या बुंध्यापर्यंत उतरली तेव्हा, बोल्ट तिच्या तळहातावर होता. काळा, धुरकट, मेणानं माखलेला. पण अख्खा, शेवटच्या आट्यापर्यंत.

मी ओरडलोच. ती नाही ओरडली. तिनं तो फडक्यात पुसला आणि नेऊन मेस्त्रीच्या डाव्या तळहातावर ठेवला.

मेस्त्रीनं तो अंगठ्यानं फिरवला. एकेक आटा चाचपला. मग तो म्हणाला, शब्द जुळवत जुळवत, "माज्याच्यानं... तुटला असता."

एवढं ऐकून वहिनीनं पदर तोंडाला लावला आणि चहाच्या स्टोव्हकडे गेली. पाठ आमच्याकडे. तशीच, नेहमीसारखी.

पुढचं काम तासा-दीड तासाचं. पिस्टन काढून घासला, रबरं नवी घातली. मेस्त्रीनं बाजेखालच्या डब्यातून त्याच मापाचा चांगला बोल्ट डाव्या हातानं शोधून काढला. ते त्यानं कुणाला करू दिलं नाही. बसवण्याआधी वहिनीनं दोन्ही बोल्टांच्या आट्यांना ग्रीस चोळलं. मी म्हटलं, "याची काय गरज?"

"हे कोणीतरी परत खोलणार हाय. त्याचे हात सोलायला नको," ती माझ्या बोटांकडे बघत म्हणाली.

ब्रेकमधली हवा काढताना मी पेडलवर होतो, ती चाकापाशी, आणि हुकूम मेस्त्रीचे. "दाब... दाब... धर!" ती नळी सोडायची, तेलातून बुडबुडे यायचे. "आवळ. सोड. दाब..." त्याचा आवाज हळूहळू जुना व्हायला लागला होता. बुडबुडे थांबले तेव्हा दिवस मावळायला आला होता.

"चल, उतारावर बघू," म्हणत वहिनी माझ्या शेजारी जीपमध्ये येऊन बसली. लुगड्यावर गंज, हातांवर ग्रीस. डोंगराकडच्या उतारावर तिनं मला वेगात गाडी सोडायला लावली आणि मधेच म्हणाली, "मार." मी ब्रेक मारला. गाडी सरळ रेषेत, एकाही बाजूला न ओढता, जागच्या जागी उभी राहिली. तिनं दाराबाहेर डोकं काढून रस्त्यावरची टायरची खूण बघितली आणि कमरेचा पदर सैल केला. दोन दिवसांत पहिल्यांदा.

सोमवारी सकाळी मी वाडीत गेलो. अकरा मुलं अंघोळी करून, डोक्याला तेल थापून, पट्टी-पेन्सिल घेऊन रांगेत उभी होती. काहींच्या आया दहीसाखर घेऊन. मुलं दाटीवाटीनं बसली आणि उतार लागला. आणि काही झालं नाही. एका वळणावर शेळ्या आडव्या आल्या, मी पाय ठेवला, गाडी थांबली, शेळ्या गेल्या, गाडी निघाली. मागची मुलं मराठीच्या पेपरातल्या म्हणींचे अर्थ एकमेकांना विचारत होती. त्यांचं वाक्यही तुटलं नाही. माझे मात्र डोळे भरून आले होते. ब्रेक असा असतो. तो उत्तम असला की काहीच घडत नाही, आणि जे घडलं नाही त्याबद्दल कुणी कुणाचे आभार मानत नाही.

संध्याकाळी स्टँडवर मी सगळ्यांसमोर सांगितलं. कुणी हसलं नाही. पुढची आठ-दहा वर्षं टोकावड्यापासून डोळखांबपर्यंत कुठेही बोल्ट जाम झाला की लोक म्हणायचे, "जोर लावू नको, फाट्यावर ने." जीपा गेल्या, व्हॅन आल्या, शाळांच्या बस आल्या. मेस्त्री बाजेवरून 'दाब, धर' म्हणायचा आणि वहिनी चाकापाशी कान तिरका करून बसलेली असायची. मोठ्या गॅरेजचे मेस्त्री नाव न सांगता गाड्या पाठवायचे. मग मला वाशिंदला कारखान्यात नोकरी लागली, मामानं जीप विकली, आणि माणूस जसा कशाकशातून निघून जातो तसा मी त्या रस्त्यातून निघून गेलो.

साखरपुड्याहून परतताना बायकोला म्हटलं, आसनगावला जरा वळूया.

तिसऱ्या मजल्यावरचं घर. वहिनीच्या लेकीनं दार उघडलं. मी ओळख सांगितली. ती हळू आवाजात म्हणाली, "या ना. पण आईचं आता कधी आठवतं, कधी नाही. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

गॅलरीत, ऊन पडतं तिथे, वहिनी वाल सोलत बसली होती. अंग आणखी बारीक झालेलं. बोटं मात्र तीच. शेंग हातात घेऊन अंगठ्यानं नेमकी कुठे दाबायची ते त्यांना ठाऊक होतं. माझ्याकडे बघून हसली, ओळख नसलेल्या पाहुण्याकडे बघून हसावं तशी.

"वहिनी, मी जीपवाला. पोरं न्यायची होती परीक्षेला."

"कुठली जीप रे? लई जीपा आल्या."

म्हणून मी सांगायला बसलो. पहिल्यापासून. मी कोपरे कसे घालवले ते, चावी कशी काढून घेतलीत ते. रॉकेल, कानस, मेणबत्ती. ती ऐकत होती; दुसऱ्या कुणाची गोष्ट ऐकावी तशी, पण मान तिरकी करून. मेण आत ओढलं गेलं इथपर्यंत आलो तेव्हा तिच्या हातातली शेंग थांबली.

"मंग?" ती म्हणाली.

"मग तुम्ही पाना लावलात. आधी आवळलात."

"हां. आधी आवळायचा." माझ्या मनगटावर हात ठेवून, खरोखरीच्या काळजीनं तिनं विचारलं, "सुटला का रे?"

"सुटला, वहिनी."

"अख्खा?"

"अख्खा. शेवटच्या आट्यापर्यंत."

तिनं मोठा श्वास सोडला. खांदे खाली आले. पदरानं तोंड पुसलं, मांडीवरची टरफलं झटकली, आणि खाली रस्त्याकडे हात करून म्हणाली, "मंग बसलास काय? जा, पोरांना बसव गाडीत."